तीनशे बावन्न नंबरच्या डब्यातला पूल

ज्या वर्षी माझ्या थोरल्या नातीचं लग्न ठरलं, मोडलं आणि दोन महिन्यांनी परत त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. नक्की साल हवं असेल तर तिला विचारावं. तिच्याकडे दोन पत्रिका आहेत, एक रद्द झालेली आणि एक खरी. मला सालं आकड्यांनी लक्षात राहत नाहीत, घरात काय घडलं त्यावरून राहतात.

मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होते आणि तरी कामावर जात होते. बत्तिसाव्या वर्षी झाडलोटीला लागले ती जागा म्हणजे जुन्या कॅसेटींचा संग्रह. टीव्हीवाल्यांनी वर्षानुवर्षं जे जे चित्रित केलं, त्याच्या नऊ हजार कॅसेटी तळमजल्यावरच्या लांबलचक खोलीत लोखंडी रॅकवर उभ्या. प्रत्येक कॅसेट आपल्या डब्यात, डब्यावर नंबर आणि नाव. अक्षर येत नव्हतं तोवर ती नावं म्हणजे माझ्या लेखी मुंग्यांच्या रांगा होत्या. एक्कावन्नाव्या वर्षी आमच्या संग्रहाच्या मुख्य बाईंनी मला पकडून बाराखडी शिकवली, ती त्या डब्यांवरच. लोक पाटीवर शिकतात, मी रॅकवर शिकले.

वाचता यायला लागलं त्याच आठवड्यात मी एक डबा शोधून काढला. नंबर तीनशे बावन्न. ‘पूल : उद्घाटन’. त्या दिवसापासून अठरा वर्षं तो डबा मी रोज पुसत आले. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा फडकं, त्याला रोज. कारण त्या डब्यात माझे दाजी होते.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. वेल्डर होते. नदीवरचा तो पूल बांधताना चार वर्षं लोखंडाला लोखंड जोडत होते. उद्घाटनाच्या दिवशी टीव्हीची माणसं आली आणि दाजींपुढे माइक धरला. त्या दिवशी दाजींना घरी यायला फार उशीर झाला. अक्का दाराला कडी घालून झोपलेली. अर्धा तास त्यांनी दार ठोकलं. शेवटी अख्खी चाळ उठली, आणि मग अक्का. आत आल्या आल्या दाजी कडाडले, “सांगितलं होतं ना, कडी लावू नकोस म्हणून!”

“कधी सांगितलंत? कुणाला सांगितलंत?”

“सांगितलंय मी. बघशील तेव्हा कळेल.”

दोन दिवसांनी तो कार्यक्रम टीव्हीवर लागायचा होता. आठ बिऱ्हाडांत एक टीव्ही. सगळे जमले, आणि नेमकी वीज गेली. दाजी म्हणाले, परत दाखवतील. परत दाखवला नाही. दोन वर्षांनी दाजी छातीच्या दुखण्यानं गेले. त्यानंतर एकोणचाळीस वर्षं अक्काच्या मनात एकच काटा. “हे आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत गं. तेवढं एकदा बोलले. सांगितलं नव्हतं आणि सांगितलं म्हणाले.” आणि दुसरं म्हणजे, “चेहरा आहे डोळ्यांपुढं. आवाज गेला. स्वप्नात येतात ते नुसतं तोंड हलवतात.”

तसल्या कॅसेटी चालवणारं मशीन मला अक्षर यायच्या आधीच बंद पडलेलं. म्हणून मी डबा पुसत राहिले. घरी आल्यावर अक्का विचारायची, “काय म्हणतायत?” मी म्हणायची, “बरे आहेत. धूळ नाही बसू दिली.”

मग त्या लग्नाच्या घोळाच्या वर्षी एकाएकी सगळं हललं. कॅसेटी आधीच थोड्याथोड्या करून पेट्यांत भरून बाहेर पाठवल्या आणि परत आणल्या होत्या. तिथं आठ मशिनं दोन वर्षं चालली आणि नऊच्या नऊ हजार कॅसेटींची नक्कल संगणकात उतरली. त्यांना एका सुतात ओवायला एक इंजिनिअर मुलगी आली. चाकांच्या खुर्चीत बसून ती या पडद्यावरून त्या पडद्यावर गरगर जायची, उठायची म्हणून नाही. आम्ही तिला भिंगरी म्हणायला लागलो, तिनंही ते नाव आपलंसं केलं.

भिंगरीनं मला डेटाबेस समजावला तो असा. “मावशी, मोठी वही समजा. एका कॅसेटीला एक ओळ. ओळीत रकाने. नंबर, नाव, वर्ष, किती मिनिटांची. आणि हा शेवटचा रकाना, ‘काय दिसतं’. वरच्या पट्टीत शब्द लिहिला की मशीन सगळ्या ओळी चाळून तो शब्द असलेल्या कॅसेटी पुढं टाकतं.”

“डब्यावर नाव आहे की. मग ‘काय दिसतं’ कशाला?”

“नावावरून काय कळतं? नाव ‘शेतकी प्रदर्शन’. आत काय असेल ते असेल.”

तो रकाना भरायला दोन शिकलेली मुलं ठेवली होती. त्यांनी पहिल्या तीनशे कॅसेटी पाहिल्या आणि लिहिलं, ‘सामाजिक परिवर्तन’, ‘नागरी जीवन’, ‘सामाजिक परिवर्तन व नागरी जीवन’. मग एक दिवस बाहेरून एका चित्रपटवाल्याचा फोन आला. एक माणूस शिडीवर चढून मोठं घड्याळ पुसतोय, असं काही आहे का तुमच्याकडे? भिंगरीनं ‘नागरी जीवन’ शोधलं. दीडशे कॅसेटी आल्या. ती डोक्याला हात लावून बसली. मी तिच्या टेबलाखालून केर काढत होते. म्हटलं, “अगं, दोनशे अकरा. गेल्या आठवड्यात तुझ्याच पडद्यावर होतं. पुसता पुसता त्याची टोपी पडते आणि खाली एक बाई झेलते.”

तिनं दोनशे अकरा लावली. शिडी, घड्याळ, टोपी, बाई. खुर्ची गर्रकन तीनदा फिरली. “मावशी! तो झाडू खाली ठेवा. ‘काय दिसतं’ तुम्ही लिहायचं!”

“मला लिहायला वेळ लागतो पोरी. आणि मोठे शब्द येत नाहीत.”

“तेच तर हवंय! लोक मोठ्या शब्दांनी शोधतच नाहीत!”

असा माझ्या हातात कळफलक आला. पहिल्या दिवशी भिंगरीनं शोधाची पट्टी उघडून माझी खुर्ची पुढं ओढली. “आधी तुम्ही स्वतः काहीतरी शोधा. मशीनवर हात बसला पाहिजे.”

मी एका बोटानं, एकेक कळ शोधत लिहिलं : पूल.

श्वास घ्यायच्या आत एक्केचाळीस ओळी पुढ्यात! नऊ हजारांतून! मी आयुष्यभर त्या खोलीत एकेक डबा हातानं सरकवलेला. मला तर जादूगारानं टोपीतून ससा काढावा तसं झालं. एकोणिसाव्या ओळीत होतं ते. तीनशे बावन्न. ‘पूल : उद्घाटन’. बाईंना मी हाक मारली, त्याही धावत आल्या. त्यांना दाजींची गोष्ट ठाऊक होती. भिंगरीलाही सांगितली. तिघी पडद्याला नाक लावून बसलो. भिंगरीनं बटण दाबलं.

घोडे.

एक मैदान, आणि त्यात घोडे. तपकिरी, पांढरे, एक लंगडा. माणसं त्यांचे दात तपासतायत. आम्ही वाट पाहिली, पुढं पूल येईल म्हणून. भिंगरीनं पळवत पळवत शेवटपर्यंत नेलं. तासभर घोड्यांचा बाजार.

“पूल कुठंय?” मी विचारलं.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मावशी, त्या काळी कॅसेटी महाग. जुन्यावरच नवं भरायचे. पूल पुसून त्यावर घोडे घेतले असणार.”

“सगळाच?”

“पुसलं ते पुसलं. परत येत नाही.”

भिंगरीचा जीव मात्र मानेना. तिनं चौथ्या रॅकची सगळी यादी काढली, तीनशे एक ते चारशे वीस. “बाई, या रॅकमधले तीन नंबरच नाहीत. तीनशे अठरा, तीनशे सत्तेचाळीस, तीनशे नव्वद. आणि शेवटी तीन बेनामी आहेत, कोऱ्या डब्यातल्या. पूल त्यांत नसेल कशावरून?”

“हरवलेल्या तीन आणि बेनामी तीन. त्या त्याच,” बाई म्हणाल्या. “पण बघ लावून.”

लावल्या. एकात गाणं शिकणाऱ्या मुली, एकात काच फुंकणारे कारागीर, एकात कुणा मंत्र्याचं लांबच लांब भाषण. पूल नाही.

आणि मी झाडू घेऊन उगाच केर काढायला लागले. कारण त्या तीन बेनामी कॅसेटी कुठून आल्या ते जगात फक्त मला ठाऊक होतं.

तेहेतीस वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली. इमारतीत मी एकटी. पाणी थेट चौथ्या रॅकवर. मी धावत जाऊन एकशे वीस डबे उतरवले, कॅसेटी बाहेर काढल्या आणि व्हरांड्यात रांगेनं वाळत घातल्या. डब्यांची रांग वेगळी लावली. मला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं, आणि क्रम मोडायचा नाही एवढी अक्कल होती. कॅसेटींवर चिकटवलेले कागद पाण्यानं केव्हाच सुटून गेलेले. डबे प्लॅस्टिकचे होते, त्यांवरची नावं शाबूत राहिली. फक्त तीन डबे पुठ्ठ्याचे होते. त्यांचा लगदा झाला. तो मी केराबरोबर टाकून दिला. वाळल्यावर पहिली कॅसेट पहिल्या डब्यात, दुसरी दुसऱ्यात, अशा ओळीनं भरत गेले. शेवटी तीन कॅसेटी उरल्या. तीन डबे गेले, तीन कॅसेटी उरल्या, हिशोब जुळला, असं मला वाटलं. त्या कोऱ्या डब्यांत घालून शेवटी ठेवल्या आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. नोकरी जाईल या भीतीनं. पुढं बाई आल्या, अक्षर आलं, मान मिळाला, आणि सांगायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी घरी गेले तर अक्का खिडकीशी उशांना टेकून बसलेली. तिचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, चार पावलांत दम लागायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता महिन्यांची भाषा करू नका.

“लावलं का गं मशीन? बोलले का हे?”

“मशीन बिघडलंय,” मी म्हटलं.

“तुला खोटं बोलता येत नाही, बारके. लहानपणापासून येत नाही. कान लाल होतात.” अक्का मला अजून बारके म्हणायची. “नाही ना सापडले?”

“नाही.”

“बरं.” मग म्हणाली, “लपून बसायची सवयच होती त्यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घटना घडली. घटना कसली, मी अक्काला स्वेटर घालत होते. समोर बटणांचा, लोकरीचा. ती बसलेली म्हणून मी खालून वर बटणं लावत गेले. डोक्यात घोडे. वर पोचले तर गळ्याशी एक बटण उरलं, त्याला काजच नाही. मी ते बटण धरून इकडं ओढ, तिकडं ओढ, त्याला कुठं घुसवता येतंय का बघत होते.

अक्का वैतागली. “अगं, त्या बटणाला काय घर शोधतेस? त्याचा काय दोष? खाली बघ. खाली एक काज चुकवलंस, म्हणून तिथपासून सगळीच शेजारच्या काजात गेली. उरलेलं बटण चुकलेलं नसतं, बाई, ते फक्त शेवटचं असतं.”

मी थिजले. बटण हातात.

“काय झालं? भूत दिसलं का?”

“अक्का!” मी ओरडले. “अक्का, तू... तू डेटाबेस आहेस!”

“कोण आहे मी?”

उत्तर द्यायला मी थांबलेच नाही. नातीला हाक मारली, म्हटलं आजीची बटणं सरळ कर, आणि चपला पायात सरकवून निघाले. जिन्याचे तीन मजले गुडघे धरून उतरते मी एरवी. त्या दिवशी गुडघे कुठं होते देव जाणे. रस्त्यात सिग्नलला थांबले तर बोटांवर मोजत होते. एक डबा गेला की तिथून पुढं प्रत्येक कॅसेट शेजारच्या डब्यात. दुसरा गेला की दोन घरं पुढं. शेजारी उभा असलेला माणूस माझ्याकडं बघत थोडा लांब सरकला.

भिंगरी नुकतीच येऊन खुर्चीत बसत होती. बाई चष्मा पुसत होत्या.

“मला काहीतरी सांगायचंय,” मी म्हटलं, “आणि सांगून झाल्यावर मला काढून टाका, पण आधी ऐका.”

मी टाकी सांगितली. पुठ्ठ्याचे डबे सांगितले. लगदा सांगितला. बाईंचा चष्मा हातातच राहिला. “तेहेतीस वर्षं, मावशी?”

“तेहेतीस.”

“मी तुम्हाला बाराखडी शिकवली तेव्हाही?”

“तेव्हाही. क शिकवलात त्या दिवशी तोंडावर आलं होतं. गिळलं.”

त्या काही बोलणार तेवढ्यात भिंगरी मध्ये पडली. “बाई, त्यांना नंतर रागवा. मावशी, पुढं! पुढं बोला!”

“आपण समजत होतो, डबे गेले त्या तीन कॅसेटीच उरल्या. नाही! तीनशे अठराचा डबा गेला. पण मी ओळीनं भरत होते. म्हणून तीनशे अठराची कॅसेट गेली एकोणीसच्या डब्यात. एकोणीसची गेली विसात. प्रत्येक एक घर पुढं! पुढं सत्तेचाळीसचा डबा नाही, तिथून प्रत्येक दोन घरं पुढं! नव्वदनंतर तीन घरं! उरल्या त्या फक्त रांगेतल्या शेवटच्या तीन!”

भिंगरीची खुर्ची भिंतीवर आदळली. “थांबा, थांबा. पारखून बघू. तीनशे एकोणीसच्या डब्यावर नाव काय?”

बाईंनी यादी पाहिली. “घड्याळ दुरुस्ती.”

“म्हणजे तुमचं खरं असेल तर घड्याळं वीस नंबरात हवीत. वीसच्या डब्यावर काय लिहिलंय?”

“दवाखान्यातील एक दिवस.”

भिंगरीनं तीनशे वीस लावली. पडद्यावर एका म्हाताऱ्याचा डोळा, डोळ्यात भिंग, आणि चिमट्यात एवढंसं चाक. घड्याळं! मी टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, “योगायोगही असेल.” पण त्यांचा आवाज चढला होता.

“दवाखाना एकवीसात हवा!” भिंगरीनं एकवीस लावली. नर्स, खाटा, थर्मामीटर.

“अगं बाई!” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा उलटाच डोळ्यांवर चढवला.

“तीनशे बावन्न,” भिंगरी म्हणाली. “त्याच्या आधी अठरा आणि सत्तेचाळीस, दोन डबे गेलेले. बावन्न आणि दोन...”

“चोपन्न,” मी म्हटलं. मोजता मला आधीपासून येत होतं.

तीनशे चोपन्नच्या डब्यावर नाव होतं ‘बटाटा बियाणे केंद्र’. अठरा वर्षं मी बावन्नचा डबा रोज पुसला आणि दाजी एक डबा सोडून पलीकडं, बटाट्यांच्या नावाखाली, आठवड्याच्या धुळीत बसलेले. भिंगरीनं माझ्याकडं पाहिलं. “तुम्ही दाबा.”

मी दाबलं.

आधी नुसत्या रेघा. मग पाणी. रुंद, करडं पाणी, आणि त्यावर पूल. नवा कोरा, झेंड्यांनी सजवलेला. बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी पाच बोटं उमटली होती. भाषणं आली. भिंगरी ती पळवायला निघाली तर मी तिचा हात धरला. “पळवू नकोस. घाईत निसटायचे.” भाषणं झाली, फीत कापली, टाळ्या झाल्या. एकतिसाव्या मिनिटाला कॅमेरा कामगारांच्या रांगेवरून सरकायला लागला. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवे दाजी.

काळा चष्मा कपाळावर चढवलेला. पुढचा एक दात किंचित वाकडा. ते मी विसरलेच होते. अक्काहून मी दहा वर्षांनी लहान, तिच्या लग्नात फ्रॉकमध्ये होते, आणि त्या वाकड्या दाताला हसले म्हणून मला चापट बसली होती.

माइकवाल्यानं विचारलं, “हा पूल किती वर्षं टिकेल?”

दाजी म्हणाले, “ते मोठ्या साहेबांना विचारा. मी मारलेले जोड माझ्यापेक्षा जास्त टिकतील, एवढं लिहून घ्या.” सगळे हसले. माइक पुढच्या माणसाकडं निघाला, तसा दाजींनी तो हातानं परत ओढला आणि थेट आमच्याकडं पाहिलं. “हे आत्ता घरोघरी दिसतंय ना? मग ऐक गं. आज साहेबांनी सगळ्यांना जेवायला थांबवलंय. मला उशीर होईल. दाराला कडी लावू नकोस.”

भिंगरीला फुटलं हसू, आणि डोळ्यांतून पाणीही. “मावशी! त्यांना वाटलं, कॅमेऱ्यात बोललं की लगेच घरी पोचतं!”

“म्हणजे त्यांनी सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या.

“सांगितलं होतं!” मी म्हटलं. “टीव्हीला सांगितलं होतं!”

भिंगरीनं तेवढा तुकडा माझ्या नातीच्या फोनवर पाठवून दिला आणि मला म्हणाली, पळा. बाईंनी रिक्षाला हात केला. रिक्षात बसताना मी म्हटलं, “बाई, मला काढून टाकायचं राहिलं.” त्या म्हणाल्या, “एकशे तीन कॅसेटींची नावं दुरुस्त व्हायचीत. ती झाली की बघू.”

घरी नात दारातच फोन घेऊन उभी. अक्का खिडकीशी, सगळी बटणं सरळ. “कुठं उधळली होतीस? म्हातारपणी घोडा झालीस का?”

“घोडे कालच झाले. आज हे ऐक. डोळे मिट आणि ऐक.”

फोन तिच्या कानाशी धरला. आधी वारा, मग टाळ्या, मग माइकवाला. आणि मग तो आवाज. अक्काचा हात हवेत उचलला गेला आणि तसाच राहिला. शेवटचं वाक्य आलं, ‘दाराला कडी लावू नकोस’, आणि संपलं.

“परत,” ती म्हणाली.

परत लावलं. नऊ वेळा लावलं, मी मोजलं. चौथ्या वेळेपासून ती त्यांच्याबरोबर ओठ हलवायला लागली. नवव्या वेळेनंतर तिनं डोळे उघडले, आणि मला वाटलं आता रडेल. ती भडकली!

“अहो, पण असलं कुणी टीव्हीला सांगतं का! चाळीतल्या कुणाकडं निरोप द्यायचा होता! अर्धा तास दार ठोकत बसले, वर माझ्यावरच चिडले!” मग दम लागला, थांबली, आणि हसायलाच लागली. हसता हसता म्हणाली, “खोटं नव्हते गं बोलले. बारके, खोटं नव्हते बोलले.”

नंतरच्या आठवड्यात भिंगरीनं आधी सगळ्या वहीची नक्कल करून ठेवली. मग संगणकाला हुकमाची एकच ओळ लिहून एकशे तीन नावं एका दमात आपापल्या घरी सरकवली. चहाचा कप तोंडाला लावून खाली ठेवेपर्यंत तेहेतीस वर्षांची चूक संपली. चोपन्नमधला पूल आता संगणकात तीनशे बावन्न आहे. बाईंनी माझ्या कबुलीचा कागद करून घेतला, त्यावर माझी सही घेतली, आणि तो त्याच रॅकच्या माहितीला जोडून टाकला, पुढं कुणी गोंधळू नये म्हणून. सही मी मोठ्या अक्षरात केली.

‘काय दिसतं’ या रकान्यात त्या कॅसेटीपुढं मी लिहिलंय : ‘नदी. नवा पूल. झेंडे. भाषणं लांब आहेत. मिनिट एकतीस : वेल्डर, कपाळावर काळा चष्मा, एक दात वाकडा. हसतो. बायकोला सांगतो, उशीर होईल, दाराला कडी लावू नकोस.’ आता कुणीही ‘उशीर’ लिहिलं तरी ते सापडतात, ‘दार’ लिहिलं तरी, ‘वाकडा दात’ लिहिलं तरी. मी तिन्ही लिहून पाहिलंय. तिन्ही वेळा पहिल्याच ओळीत येतात.

नातीचं लग्न दुसऱ्या पत्रिकेवरच्या तारखेला झालं. अक्का खुर्चीत बसून आली होती आणि फोन कानाशी धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती. लग्नानंतर अकराव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, मी कामावर निघायच्या तयारीत असताना अक्का वारली. एकोणऐंशी वर्षांची होती.